रोज फिरायला जातो, तरी खुर्चीतून उठताना हात का टेकावे लागतात?

टेकडीवाला

आमच्या टेकडीवरच्या कट्ट्यावर सरासरी वय पासष्ट असेल. सगळे नियमित चालणारे. मोबाइलवर पावलं मोजणारे, दहा हजार भरली नाहीत तर संध्याकाळी सोसायटीत येरझाऱ्या घालून हिशेब पुरा करणारे. शिस्तीला तोड नाही. पण हीच मंडळी कट्ट्यावरून उठताना बघा. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंडाने 'आई गं', एक झोका, मग उभे. पंगतीत पाटावर बसायचं तर कुणी नावच काढत नाही. 'गुडघे गेले' एवढं म्हटलं की विषय संपतो.

माझं म्हणणं असं की यातल्या बऱ्याच जणांचे गुडघे गेलेले नाहीत, मांड्या गेल्यात.

तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण तीन ते आठ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर हा वेग वाढतो. वजनकाट्याला हे कळत नाही, कारण स्नायूच्या जागी चरबी येऊन बसते आणि काटा होता तिथेच राहतो. 'लग्नात होतो तेवढाच आहे हो मी' असं अभिमानाने सांगणाऱ्यांच्या पट्ट्याची भोकं मोजावीत.

आपल्या लोकांत तर हे आणखी फसवं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे दिसायला सडपातळ, आतून तुपाळ. ही आपली जातकुळी.

आता याचा शुगरशी काय संबंध? जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. गिऱ्हाईकच कमी झालं की माल रक्तात पडून राहतो. म्हणून 'गोड खात नाही तरी शुगर कशी आली' या प्रश्नाचं निम्मं उत्तर मांडीत असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांत काय आहे? आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम. ही ओळ सगळ्यांना पाठ. पुढे लिहिलंय की आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्या, आणि पासष्टीच्या पुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करा. इथवर कुणी वाचतच नाही. चालणं चांगलंच आहे, ते सोडू नका. पण सपाट रस्त्यावर गप्पा मारत चालून मांडीची ताकद वाढत नाही.

जिमची पायरी न चढता घरच्या घरी काय करता येईल, कोण काय करतंय, ते लिहा. खाण्यापिण्यावरही येऊ द्या. फक्त 'कोमट पाण्यात मध-लिंबू'वाले फॉरवर्ड इथे चिकटवू नका, हात जोडतो.


मोहोर

तंतोतंत माझी आई! रोज दोन वेळा देवळापर्यंत चालत जाते आणि सोफ्यावरून उठताना मला हाक मारते. वाचते आहे.


खवट_आजोबा

आमचे आजोबा नव्वदीपर्यंत जगले. कुठल्या जिममध्ये गेले होते? कुठला बीएमआय मोजला होता? तूप ओरपलं, गूळ खाल्ला, ठणठणीत गेले. हल्ली माणसं जगण्यापेक्षा रिपोर्टच जास्त वाचतात.


टेकडीवाला

@खवट_आजोबा, आजोबांना नमस्कार. पण त्यांच्या बरोबरीचे जे पन्नाशीत गेले त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, त्यामुळे जुन्या काळी सगळेच नव्वदी गाठत होते असं वाटतं. आणि आजोबा जिममध्ये नव्हते कसे? विहिरीचं पाणी कोण शेंदत होतं? जेवण जमिनीवर, झोप जमिनीवर, सकाळचा कार्यक्रम उकिडवं बसून. दिवसभरात किती बैठका होत असतील हिशेब करा. आपण कमोड, डायनिंग टेबल आणि सोफा आणला. त्या बैठका गेल्या, तूप-गूळ तेवढा परंपरेने पुढे आला.


सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ठाण्यात. धागाकर्त्याचं निदान ढोबळमानाने बरोबर आहे, पण 'गुडघे गेले नाहीत' हे आपलं आपण ठरवू नका. गुडघा सुजत असेल, रात्री ठणकत असेल, मध्येच अडकत असेल तर आधी दाखवून घ्या. बाकीच्यांसाठी लिहिते.

ब्राझीलमधल्या क्लाउदियो जिल अराउजो या डॉक्टरांनी एक साधी चाचणी रूढ केली. उभं राहायचं, जमिनीवर बसायचं, परत उठायचं. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात, कोपर, गुडघा, जे काही टेकवाल त्याचा एकेक गुण वजा. तोल गेला तर अर्धा. २०१२मध्ये त्यांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजारांवर लोकांचा अभ्यास छापला, त्यात कमी गुणवाल्यांचं पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. याचा अर्थ हात टेकला म्हणून माणूस मरतो असा नाही. ताकद, लवचिकपणा, तोल, वजन या सगळ्याचा एकत्र अंदाज त्यातून येतो. हे एकट्याने करून बघू नका, शेजारी कुणीतरी उभं हवं.

सुरुवात खुर्चीपासून करा. प्लास्टिकची नको, ती सरकते. लाकडी जड खुर्ची भिंतीला टेकवा. पुढच्या कडेवर बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि उठा. लोक ताठ बसून उठायला जातात, म्हणून जमत नाही. बसताना धप्प करून पडायचं नाही, तीन आकडे मोजत सावकाश खाली यायचं. खरी ताकद या खाली येण्यात मिळते. हात टेकल्याशिवाय जमतच नसेल तर खुर्चीवर घट्ट घडी घातलेली सतरंजी ठेवून उंची वाढवा आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी एकेक घडी कमी करा. दहा वेळा सहज जमायला लागलं की हातात पाण्याची भरलेली बाटली धरा, मग दोन, मग पाच किलो आट्याची पिशवी छातीशी.

श्वास रोखून धरायचा नाही. बीपीवाल्यांनी तर मुळीच नाही. उठताना श्वास सोडा.

ओट्याला बोटं टेकवून टाचा वर उचलणं, आणि चहा उकळेपर्यंत एका पायावर उभं राहणं, हे दोन व्यायाम स्वयंपाकघरातच होतात. गॅसपासून लांब, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला.


पावशेर

@सांधेजोड, बाबा ७६ वर्षांचे आहेत. या वयात स्नायू वाढतात का खरंच? की आहे ते टिकवायचं फक्त?


सांधेजोड

वाढतात. बॉस्टनमध्ये १९९० साली वृद्धाश्रमातल्या दहा जणांवर प्रयोग झाला होता. सगळे नव्वदीच्या आसपासचे, अशक्त. आठ आठवडे मांडीचा वजनाचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी दुपटीपेक्षा जास्त झाली. तुमचे बाबा त्यांच्यापुढे पोरगे आहेत. फक्त हृदयाचा त्रास, नुकतं झालेलं ऑपरेशन, डोळ्याच्या पडद्याचा आजार यांतलं काही असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.


तालुक्याची_डॉक्टर

उशिरा आले, ओपीडी होती.

नाशिक जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. रोज एक संवाद होतो. रिपोर्टात एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर) ६.१. मी बोलायला तोंड उघडते तोवर पेशंटच म्हणतो, 'बॉर्डरवर आहे ना फक्त? मग गोळी नको ना?' आणि हसत हसत घरी. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा पट्टा म्हणजे सुटका झाली असं लोकांना वाटतं. खरं तर करण्यासारखं सगळ्यात जास्त याच पट्ट्यात असतं.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने अशाच उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांचा अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडून दिलं त्यांतल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी खाणं आणि चालणं नियमित सुधारलं त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांतही जवळपास तेवढंच, आणि दोन्ही एकत्र करणाऱ्यांना त्याहून जास्त काही पदरात पडलं नाही. मला यातली आवडणारी गोष्ट अशी की जीवनशैलीवाल्या गटाचं वजन काही घटलं नव्हतं. तरी फायदा झाला. म्हणून महिन्याने काटा हलला नाही की 'काही उपयोग नाही डॉक्टर' म्हणून सोडून देणाऱ्यांना मी हे सांगते.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३मध्ये आलेल्या मोठ्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर असे आकडे आहेत. म्हणजे या धाग्यावर दहा प्रतिसाद आले तर त्यात कोण कोण असेल याचा अंदाज करा.

वजनापेक्षा कंबर मोजा. बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून, पोट आत न ओढता. (पुरुषमंडळी, तुम्हालाच सांगतेय.) पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल तिन्ही तपासून घ्या. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. ती पँट पोटाच्या खाली घातलेली असते.


म्हापशेंकार

त्याच पाहणीत आमचं गोवा पहिलं आलं ना! मधुमेह २६.४ टक्के. कशात नंबर काढावा तर यात. दोष सगळे फेणीला देतात, पण आमच्या घरात दिवसाला तीन वेळा काय असतं? सकाळी पाव, दुपारी शीतकडी, रात्री परत शीत. मासा असतो, पण एवढ्या भातापुढे एक तुकडा. मी आता उलटं केलं. दोन तुकडे आणि मुठीएवढं शीत. पहिले काही दिवस जेवल्यासारखंच वाटलं नाही, हे खरं सांगतो.


वाटली_डाळ

माझा विषय आला!! आपल्या मराठी शाकाहारी ताटात प्रथिनं किती असतात याचा हिशेब एकदा मांडाच. आयसीएमआरची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम. म्हाताऱ्या माणसांना १ ते १.२ द्यावीत असं या विषयातले बरेच तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ६० किलोच्या आजींना साठ-सत्तर ग्रॅम.

आता आजींचं ताट. सकाळी चहा-बिस्किट, म्हणजे जवळपास शून्य. दुपारी दोन पोळ्या, भाजी, भात आणि वरण. वरण कसलं, तर चमच्यातून तूर दिसत नाही असलं. वाटीभर पातळ वरणात चार-पाच ग्रॅम आले तर आले. संध्याकाळी परत चहा. रात्री 'मला काही नको, दूधभात देगं'. सगळं मिळून पस्तीस-चाळीसच्या वर जात नाही. आणि एकादशी असली की साबुदाणा, ज्यात पिष्टाशिवाय काही नाही. बरं, त्यातला दाण्याचा कूट हीच त्यातल्या त्यात कामाची वस्तू, तर 'पित्त होतं' म्हणून तोच कमी घालतात.

मी घरात केलेले बदल, वेगळा स्वयंपाक न करता: वरण घट्ट, एक वाटीऐवजी दोन. कच्च्या तीस ग्रॅम डाळीत सात ग्रॅम मिळतात. सकाळी चहाबरोबर बिस्किटाऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे, दात नसतील तर त्यांचं पीठ ताकात. आठवड्यातून तीनदा उसळ, मोड आणून, लसणीच्या फोडणीची. बटाट्याची भाजी उसळीची सवत म्हणून चालणार नाही, ती भातासारखीच मोजायची. धिरडी मुगाची. पिठल्याला घरात जे 'काही नसलं की करायचं' असं स्थान आहे ते बदलून टाकलं. सोयाबीन दळणात टाकते, पाच किलोला पाव किलो, कुणाला कळत नाही. अंडं चालत असेल तर प्रश्नच मिटला, एका अंड्यात सहा ग्रॅम.

ज्वारीची भाकरी चांगली, पण 'भाकरी खाल्ली म्हणजे शुगर वाढत नाही' हे चुकीचं आहे. तीन भाकऱ्या म्हणजे तीन भाकऱ्याच.


तालुक्याची_डॉक्टर

@वाटली_डाळ, उत्तम. दोन गोष्टी जोडते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं स्वतःच्या मनाने वाढवायची नाहीत. मधुमेह बरीच वर्षं असलेल्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासलेलं असावं.

दुसरं, बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व. शाकाहारी आणि त्यात मेटफॉर्मिन चालू, अशांत ते कमी सापडण्याचं प्रमाण भरपूर. पावलांना मुंग्या, जमिनीवर गादी अंथरल्यासारखं वाटणं, अंधारात तोल जाणं. हे सगळं 'वय झालं' या खात्यात टाकलं जातं. साधी रक्ततपासणी आहे.


दोनवेळचा

इतके प्रतिसाद झाले आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव कुणी घेतलं नाही? दिवसातून दोनदाच जेवण, ५५ मिनिटांत संपवायचं, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. फुकट, सोपं. माझं पोट गेलं, शुगर आटोक्यात आली. आणखी काय पाहिजे?


खवट_आजोबा

आता बघा, शंभर प्रतिसाद नक्की. खुर्ची टाकून बसतो.


तालुक्याची_डॉक्टर

@दोनवेळचा, तुम्हाला फायदा झाला याचा आनंद आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून दीक्षितांनी ही पद्धत मांडली आणि तिचं एक मोठं श्रेय आहे. दिवसभर चरत राहायची, प्रत्येक चहाबरोबर काहीतरी तोंडात टाकायची सवय तिने हजारो घरांत मोडली. चालणंही आणलं.

माझे आक्षेप दोनच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी चालू असलेल्याने मनानेच जेवण कमी केलं तर शुगर एकदम खाली जाते. असे पेशंट मी पाहिलेत, घामाघूम, बोलणं तुटक. आधी औषधाचं वेळापत्रक बदलावं लागतं. दुसरं, पासष्टीच्या पुढच्या बारीक चणीच्या माणसाला दोनच जेवणांत साठ ग्रॅम प्रथिनं बसवणं अवघड जातं. त्यांचं पोट जातं आणि मांडीही जाते.


दोनवेळचा

पहिला मुद्दा मान्य, दीक्षित स्वतःही औषध चालू असलेल्यांना डॉक्टरांना विचारून करा असंच सांगतात. दुसरा विचार करण्यासारखा आहे. मी ४८चा आहे, त्यामुळे डोक्यात आला नव्हता.


पार_साता_समुद्रांच्या

न्यू जर्सीतून. इथे आमच्या डॉक्टरांनी बीएमआय २३ झाल्यावरच शुगर तपासायला सांगितली. अमेरिकन डायबिटिस असोसिएशनने आशियाई वंशाच्या लोकांसाठी २०१५पासून हीच सीमा ठेवलीय, इतरांना २५. इथे जन्मलेल्या पोरांनाही लागू. त्यामुळे परदेशातल्या देशी मंडळींनी 'नॉर्मल' शब्द वाचून गाफील राहू नये.

एक गोष्ट. हल्ली आठवड्याला एक टोचायची ती वजनाची इंजेक्शनं इकडे आपल्या ग्रुपात निम्म्या लोकांना चालू आहेत, भारतातही आलीत असं ऐकते. वजन झपाट्याने उतरतं, पण त्यात स्नायूही जातात. ताकदीचा व्यायाम आणि प्रथिनं यांच्याशिवाय घेणाऱ्यांचे चेहरे आणि खांदे बघवत नाहीत.


सांगोलेकर

हे सगळं शहरी लोकांचं चाललंय. माझी आई सांगोल्याजवळ शेतात राबते, वय बासष्ट. डोक्यावर वैरणीचा भारा, दिवसभर वाकून खुरपणी. तिला काय खुर्चीतून उठायला शिकवायचं?


सांधेजोड

शिकवायचं नाही, तिच्याकडून आपण शिकायचं. पण एक विचारू? कंबर धरते का त्यांची? संध्याकाळी गोळी घेतात का दुखण्याची?


सांगोलेकर

रोज. मेडिकलमधून चार गोळ्यांची पुडी येते, रंगीबेरंगी. ती घेतली की झोपते.


तालुक्याची_डॉक्टर

ती पुडी आधी बंद. त्यात दुखण्याची गोळी आणि बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. वर्षानुवर्षं घेऊन मूत्रपिंड आणि हाडं दोन्ही खराब झालेले पेशंट माझ्याकडे येतात. पण स्टिरॉइड असेल तर एका दिवसात एकदम तोडायचं नाही, पुडी घेऊन डॉक्टरकडे जा.

कष्ट म्हणजे व्यायाम हे अर्धंच खरं. दिवसभर एकाच दिशेला वाकणं, पोटात दोन भाकरी आणि ठेचा, झोप पाच तास. स्नायू भरून निघायला विश्रांती आणि डाळ-अंडं लागतं. आमच्याकडे द्राक्षबागेतल्या बायकांची हीच तऱ्हा आहे. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरलेलं खायचं, म्हणजे रस्सा. उसळीतली मटकी केव्हाच संपलेली असते.

आणि मिश्री लावतात का?


सांगोलेकर

लावते. सकाळी मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही म्हणते. आजीपासून चालू आहे, आमच्यात ते कुणी व्यसनात धरत नाही.


तालुक्याची_डॉक्टर

तेच तर. मी 'तंबाखू खाता का' विचारलं की बायका नाही म्हणतात. 'मिश्री लावता का' विचारलं की हो. भाजलेली असली तरी तंबाखूच. तोंडाचा कॅन्सर तर आहेच, बीपी आणि हृदयावरही परिणाम. या धाग्यावर व्यायाम, प्रथिनं सगळं येईल, पण एखाद्या घरात एकच गोष्ट करायची असेल आणि तिथे तंबाखू असेल तर ती आधी. बाकी सगळं नंतर. एकदम सुटत नसेल तर निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगम मिळतात, सरकारी दवाखान्यात समुपदेशनही होतं. आईंना एकदा आरशासमोर बोट घालून गालाच्या आतली बाजू बघायला सांगा. पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, तिखट झोंबणं, यांपैकी काही असलं तर थांबू नका.


सांगोलेकर

बघायला सांगतो. पुडीचंही. धन्यवाद डॉक्टर.


मोहोर

मिठाबद्दल कुणी बोललंच नाही. आमच्याकडे बाबांना बीपी, त्यामुळे आमटीत मीठ कमी. आणि मग अळणी लागतं म्हणून ताटात लोणचं, पापड आणि वर कुरडई. :)


वाटली_डाळ

@मोहोर, हाहा, घरोघरी. दिवसाला पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, पूर्ण दिवसाचा, फरसाण धरून. आमच्याकडे चाललेली युक्ती: पोळीच्या आणि भाकरीच्या पिठातलं मीठ बंद, भात शिजवताना बंद. ते कुणालाच कळत नाही. आमटीला आमसूल आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. लोणचं ताटात वाढायचं नाही, मागेल त्याला फोड द्यायची. टेबलावरची मिठाची डबी कपाटात.


तालुक्याची_डॉक्टर

कमी सोडियमचं, पोटॅशियम घातलेलं मीठही मिळतं. चीनमध्ये सहाशे खेड्यांत त्याचा प्रयोग झाला, २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. पण मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि बीपीच्या काही ठरावीक गोळ्या घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय वापरू नये.


पावशेर

बाबांना जिममध्येच घातलं होतं मध्यंतरी. ट्रेनर बावीस वर्षांचा, पहिल्याच दिवशी खांद्यावर बार. वर 'अंकल, नो पेन नो गेन'. बाबा चार दिवस जिना उतरताना कठडा धरून. फी परत मिळाली नाही ते वेगळंच. आता परत जिम म्हटलं की ते पेपर तोंडासमोर धरतात.


टेकडीवाला

@पावशेर, म्हणूनच घरची खुर्ची. आणि त्यांना 'व्यायाम' म्हणूच नका. आमच्या कट्ट्यावर मी पैज लावतो, हात छातीशी बांधून अर्ध्या मिनिटात कोण किती वेळा उठतो. निवृत्त माणसाला स्पर्धा द्या, पेपर आपोआप खाली येतो. पहिल्या दिवशी आमचे एक बँकवाले गृहस्थ चारावर थांबले आणि आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. आता रोज तेच सुरुवात करतात.

शतपावलीचंही लिहायचं राहिलं. जेवणानंतर पंधरा-पंधरा मिनिटं तीनदा चालणं हे सकाळी एकदम पाऊण तास चालण्याइतकंच गुणकारी, आणि रात्रीच्या जेवणानंतरची शुगर उतरवायला त्याहून सरस, असं वयस्कर लोकांवरच्या २०१३च्या एका अमेरिकी प्रयोगात दिसलं. आपण मात्र रात्रीचं जेवण मालिकेच्या वेळेला आणतो आणि ताट तिथेच ठेवून झोपतो.


कानगोष्टी

अवांतर वाटेल, पण म्हातारपणाचा विषय आहे म्हणून. 'लॅन्सेट'च्या स्मृतिभ्रंशावरच्या आयोगाने २०२४मध्ये चौदा कारणं मांडली, ज्यांवर आयुष्यभर लक्ष दिलं तर जवळपास ४५ टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतात. त्यात बीपी, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा वगैरे ओळखीचे आहेतच, पण ऐकू कमी येणंही आहे. चष्मा लावायला कुणी लाजत नाही, कानाचं यंत्र म्हटलं की 'मी काय बहिरा आहे का?' मग हळूहळू माणूस बोलण्यातून बाजूला पडतो, टीव्हीचा आवाज वाढतो, घरचे ओरडून बोलायला लागतात आणि त्याला वाटतं सगळे आपल्यावर चिडलेत. माझ्या काकांनी यंत्र घेतलं, ते ड्रॉवरमध्ये. कट्ट्यावरच्या गप्पांसाठी तरी घाला म्हणावं.


खवट_आजोबा

हे शेवटचं पटलं. हिने ऐकलं तर माझी खैर नाही, म्हणून इथेच लिहितो.


मोहोर

@सांधेजोड, एक शेवटचं. आई मागच्या महिन्यात बाथरूममध्ये घसरली, थोडक्यात वाचली. हाडांची तपासणी करून घेणार आहोत. तोवर घरात काय करू? ती कॅटलॉगमधली चिकटणारी दांडी मागवू का, फोडाफोड नको म्हणते.


सांधेजोड

चिकटणारी नको. ती ओल्या टाइलवर कधी सुटेल सांगता येत नाही, आणि माणूस सगळा भार तिच्यावर टाकतो तेव्हाच सुटते. स्टीलची, भिंतीत ड्रिल करून बसवलेलीच घ्या. एक कमोडच्या शेजारी, बसल्यावर हात सहज पोहोचेल इतक्या उंचीवर, एक आंघोळीच्या जागी. टाइलच्या मागे पोकळ आवाज येत असेल तर प्लंबरला जागा बदलायला सांगा. नुसत्या टाइलवर अडकवून जाऊ देऊ नका. बसवल्यावर आधी तुम्ही स्वतः लटकून बघा, मग आईला धरू द्या.

बाथरूमच्या दारातलं पायपुसणं मागून रबर असलेलं हवं, जुन्या साडीची घडी नको. बेडपासून बाथरूमपर्यंत रात्रभर छोटा दिवा. घरात गुळगुळीत झालेल्या स्लिपर फेकून द्या. झोपेची किंवा बीपीची गोळी चालू असेल तर रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसून मग उभं राहायचं. मोतीबिंदू बघून घ्या. आणि आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल असेल तर त्याच्या पायांना रबरी बूच लावून घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मापाने मिळतात, घेऊन जाताना स्टूलच सोबत न्या.